आलूसाठी धरलेले उपास

लग्न होऊन मी गोंदियाला आले तेव्हा तिथलं बोलणं मला निम्मंच कळायचं. माझं माहेर साताऱ्याकडचं. मामा नागपूरला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ आणलं. यजमान गोंदियातल्या एका भाताच्या गिरणीत कारकून होते आणि मुर्रीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं कौलारू घर घेऊन राहत. घरात आणखी एकच माणूस होतं, यजमानांची आत्या. यजमान तान्हे असताना त्यांची आई वारली, पुढे वडीलही गेले. त्यांना लहानाचं मोठं केलं ते आत्याबाईंनी. त्या बालविधवा. तेव्हा मला सासू म्हणाल तर त्याच.

पहिल्याच आठवड्यात त्या विहिरीवर जाताना मला म्हणाल्या, "मरारीन येईन आता. आलू घेऊन ठेव वो, चांगले टोपलीभर."

मरारीण म्हणजे इकडची भाजीवाली, एवढं मला समजलं होतं. आलू म्हणजे अळू, हे मी माझ्या मनानेच ठरवलं. भाजीवाली आली, तिच्या टोपलीत अळकुड्या दिसल्या, मी बोट दाखवलं आणि घेतल्या. वर शहाणपणा असा, की आत्याबाई येईपर्यंत सोलायलाही बसले. त्या परतल्या तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खाजत होते आणि मी रडायच्या बेतात होते.

आत्याबाई घागर कमरेवर घेऊन दारातच थांबल्या. "हे का करून रायली वो?"

"तुम्ही सांगितलंत ना, अळू."

"हे कोचई होय! म्या आलू सांगतलं होतं, आलू!" घागर खाली ठेवून त्या आत गेल्या, आपल्या खाटेखालच्या वाळूतून एक बटाटा उकरून आणला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हा!"

"हा तर बटाटा."

"का म्हनतलं?"

"बटाटा."

त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवून पाहिला आणि मग ओसरीवर बसकण मारून हसायला लागल्या. "बटाटा! असं नाव कायले ठेवलं वो त्याचं? माळ्यावरून गडवा पडल्यावानी वाटते." गडवा म्हणजे तांब्या, हे मला मागाहून कळलं. हसता हसता त्यांनी चिंच कोळली आणि माझे हात स्वतः चोळून दिले. संध्याकाळी यजमान आले तेव्हा त्यांना दारातच ऐकवलं, "बाबू, तुही बायको माळ्यावरून गडवे पाडते." त्या घरात मी प्रथम हसले ती त्या संध्याकाळी.

आत्याबाईंच्या खाटेखाली बाराही महिने वाळू पसरलेली असे आणि त्या वाळूत आलू. ते आगगाडीने पोत्यांतून येत. हिवाळ्यात नवा आलू आला, की आत्याबाई बाजारात स्वतः जात, एकेक उचलून अंगठ्याने साल सरकते का पाहत आणि घरी आणून वाळूत निजवत. दर चार दिवसांनी त्यांना कुशीवर वळवायचं, कोंब आला असेल तर खुडायचा, मऊ पडलेला बाहेर काढायचा. चुलीच्या राखेत भाजलेला आलू फोडून, त्यात मीठ, वाटलेली हिरवी मिरची आणि तुपाचा एक थेंब घालून त्या खात. खाताना बोलत नसत. एरवी त्यांचं तोंड मिटलेलं मी क्वचितच पाहिलं.

बाकीच्या कंदांबद्दल त्यांची मतं ठरलेली होती. रताळं म्हणजे माहेरी फार लाड झालेली पोरगी, दोन घासांत कंटाळा येतो. सुरण म्हणजे तालेवार जावई, चिंच चारल्याशिवाय वठणीवर येत नाही. कोनफळाचा जांभळा रंग पाहून जीव हुरळतो, पण शिजवलं की हाताला चिकटतं. कोचईची चव बरी, पण ती आमच्यात उपासाला चालत नाही, म्हणजे आत्याबाईंच्या हिशेबी असून नसल्यासारखी. हे सगळे आलूचेच भाऊबंद, असं त्या मानत, आणि भाऊबंदांकडून जेवढी अपेक्षा ठेवावी तेवढीच त्यांच्याकडून ठेवत.

एकदा मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला ही आवड लागली कधी?"

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झालं तेव्हा त्या खेळायच्या वयाच्या होत्या आणि वर्षाच्या आत नवरा गेला. सासर कामठ्याकडचं, शेतीवाडीचं. तिथे त्या सगळ्यांचं झाल्यावर जेवत. भात गार, वरण असलं तर असलं. अशी कितीतरी वर्षं गेली. मग इकडे भावजय वारली, तान्हं पोर मागे राहिलं, म्हणून भाऊ त्यांना न्यायला आला. गोंदियाला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. एकादशी होती, त्यांच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. स्टेशनाबाहेर एक परदेशी माणूस (परदेशी म्हणजे हिंदी मुलखातला) उकडलेले आलू विकत बसला होता. भावाने पानावर दोन आलू आणि मीठ आणून दिलं.

"म्या म्हनतलं, दादा, उपासाले चालते का हे? तो म्हने, चालते, खा." आत्याबाईंनी पान धरल्यासारखा हात पुढे केला. "वाफ निघून रायली होती वो त्याच्यातून. माह्यासाठी कोनी गरम काई आनलं ते पैल्यांदाच. जीभ भाजली माही, पन म्या थांबली नाई."

तेव्हापासून आलू आणि उपास त्यांच्या मनात एकत्र बसले. एरवीच्या दिवशी विधवेने चवीने काही मागून खाल्लं तर चार जणी बोलत. उपासाच्या दिवशी आलू खाल्ला तर कोण काय बोलणार? म्हणून आत्याबाई उपास वाढवत गेल्या. एकादश्या होत्याच. चतुर्थी आली, प्रदोष आला. यजमानांना नोकरी लागावी म्हणून सोमवार धरला. नोकरी लागली, आता ती टिकावी म्हणून सोमवार चालूच राहिला. मी आल्यावर माझी कूस उजवावी म्हणून गुरुवार धरला. वर तोंडाने म्हणायच्या, "देवाचं कराव लागते बाप्पा," आणि डोळे खाटेखाली.

यजमान त्यांना चिडवत. "आत्या, रविवार तेवढा मोकळा राह्यला तुहा."

"रविवारी तू घरी रायते. तुह्यासमोर एवढे आलू खावाची लाज वाटते मले."

एका चातुर्मासात आमच्याकडच्या मारुतीच्या देवळात पुराण सांगायला एक बुवा आले. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, कारण गोंदियात श्रोतेही तसेच. एका दुपारी उपासाचा विषय निघाला आणि बुवांनी सांगून टाकलं, की आलू हा विलायती कंद आहे, साहेबलोकांनी आणलेला, आपल्या ऋषिमुनींना तो ठाऊक नव्हता, सबब उपासाला वर्ज्य.

बायकांत कुजबुज झाली. आत्याबाई पुढच्या रांगेत होत्या. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"बुवा, तुमी अठी कशानं आले?"

"आगगाडीने."

"ते बी साहेबानंच आनली ना? ऋषिमुनीईले ठाऊक होती का?"

देवळात हशा पिकला. बुवाही हसले, माणूस चांगला होता. पण शब्द मागे घेईनात. म्हणाले, "बाई, गाडीत बसल्याने उपास मोडत नाही. आलू नको. रतालू चलेगा."

आणि इथून खरा घोळ झाला. आम्ही मराठी बायका समजलो रताळं. परदेशी बायका समजल्या कोनफळ, कारण त्यांच्या हिंदीत रतालू म्हणजे तेच, आणि आमच्या रताळ्याला त्या शकरकंद म्हणतात. पुढच्या एकादशीला देवळात जमलो तर निम्म्या जणींच्या घरी रताळी शिजलेली, निम्म्यांच्या घरी कोनफळ. दोन्हींना वाटे, समोरचीचा उपास मोडला. भांडण एवढं पेटलं, की एका परदेशी बाईने घरी जाऊन कोनफळ आणून पुराव्यादाखल बुवांपुढे ठेवलं. बुवांनी ते कोनफळ हातात घेतलं, आमच्याकडचं रताळं हातात घेतलं, दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता ज्याने त्याने श्रद्धेप्रमाणे खावं."

"झालं तर मंग," आत्याबाई म्हणाल्या. "माही श्रद्धा आलूवर हाय." त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आलूच भाजला.

ते दिवस आठवले, की मला त्यांचं हसणं प्रथम आठवतं. मोठ्याने हसत आणि मग पदराने डोळे पुसत.

माझी पहिली दोन मुलं गेली. एक पोटात, एक जन्मून आठ दिवसांत. तिसरा मुलगा झाला तो जगला, पण दीड महिन्याचा असताना त्याला दूध पोटात ठरेनासं झालं. अंगाची नुसती घडी झाली होती. डॉक्टर आले, वैद्य आले, दोघेही औषध न देता गेले. तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई न्हाऊन ओल्या लुगड्यानिशी देवापुढे बसल्या आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "पोर जगला तर हा जीव हाय तोवर शनिवार करीन." दुपारपर्यंत बाळाने थोडं दूध घेतलं. ते पोटात राहिलं.

असा शनिवारही आला. आता मात्र यजमान चिडवेनात.

मग लढाई सुरू झाली. दुसऱ्याच वर्षापासून बाजारात एकेक जिन्नस दिसेनासा व्हायला लागला. साबुदाणा आधी गेला. आलू कधी येत, कधी लष्कराकडे जात म्हणून गाडीतून उतरतच नसत. आत्याबाई वाळूतले पुरवून पुरवून खात. आणि त्याच सुमाराला त्यांना तहान लागायला लागली. रांजण दिवसातून दोनदा भरावा लागे. एवढं पाणी पिऊन, एवढं खाऊन त्या वाळतच चालल्या. काकणं नसलेल्या मनगटांवर कातडं लोंबायला लागलं. परसात त्या लघवीला बसत तिथे मुंग्यांची रांग लागलेली मी पाहिली आणि यजमानांना सांगितलं.

स्टेशनाजवळ एक वयस्क डॉक्टर होते, हिंदी बोलणारे. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टरांनी नळी आम्हाला दाखवली.

"माताजी, पेशाब में शक्कर है. बहुत है. आज से चावल बंद, गुड़ बंद, आलू बंद."

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "शकरकंद?"

"नाम में ही शक्कर है, माताजी. बंद."

"कोनफर? ते रतालू?"

"बंद."

"सुरन?"

"जमीन के नीचे का सब बंद."

"भगर? शिंगाडा?"

"वो भी नहीं." डॉक्टरांच्या लक्षात आलं की या बाई उपासाचं सगळं ताट एकेक करून विचारताहेत. त्यांनी विचारलं, "उपवास कितने करती हैं?"

सांगितलं यजमानांनी. डॉक्टर म्हणाले, उपास सोडा, ज्वारीची भाकरी खा, पालेभाजी खा, दोन वेळा वेळेवर खा. यावर एक सुई निघाली आहे, पण ती इथे मिळत नाही, नागपूरलाही लढाईमुळे मिळेल न मिळेल, आणि मिळाली तरी रोज टोचावी लागते. आत्याबाई उठल्या. डॉक्टरांना नमस्कार केला.

घरी आल्यावर यजमानांनी विषय काढला. "आत्या, उद्यापासून उपास बंद."

"आलू बंद करतो मी. उपास नाई," आत्याबाई म्हणाल्या.

"अवो, उपास काऊन नाही? आलूसाठीच धरले ना ते? आलू गेला तर उपास कायले पायजे?"

मला वाटलं त्या हसतील. त्या खाटेवर बसल्या होत्या, खाली वाळूत थोडे आलू होते. त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय कायसाठी धरले ते. देवाले का मालूम नसन? त्याले पैल्या दिवसापासून मालूम होतं, का ही बाई लबाड हाय, खावासाठी उपास करते. तरी त्यानं तुले नोकरी देली ना? पोरगा देला ना? त्यानं माह्या लबाडीचं बी खरं केलं. आता आलू नाई म्हनून मी फिरू का? मंग तो फिरला तर?"

यजमान म्हणाले, "नोकरी गेली तर गेली. सोमवार सोड."

"तुही जाईन. पोराले खावाले कोन देईन?"

शनिवारचं नाव कोणीच काढलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही.

यजमान बुवांना शोधत तिरोड्याला गेले. तिथे त्यांचं पुराण चालू होतं. बुवांनी सगळं ऐकलं, त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, उद्यापन करा, म्हणजे बाई मोकळ्या होतील. मी सांगितलं म्हणून सांगा. यजमान आनंदाने परत आले. आत्याबाईंनी विचार केला आणि फक्त गुरुवाराचं उद्यापन मान्य केलं, कारण तो माझ्या कुशीसाठी होता आणि ते काम झालं होतं. बाकीच्यांबद्दल म्हणाल्या, "नोकरी अजून हाय ना? पोरगा अजून हाय ना? मंग उद्यापन कशाचं? काम तर चालूच हाय."

गुरुवारच्या उद्यापनाला शेजारच्या सवाष्णी जेवायला बोलावल्या. खाटेखालचे उरलेले सगळे आलू आत्याबाईंनी त्या दिवशी काढले. भाजी त्यांनीच केली, मला हात लावू दिला नाही. वाढलीही त्यांनीच. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई, तुमी चाखून पाह्यली का? मीठ जरासं कमी हाय." आत्याबाई म्हणाल्या, "वासावरून टाकलं वो," आणि मीठ आणायला आत गेल्या. बाहेर यायला त्यांना वेळ लागला.

त्यानंतर उपासाच्या दिवशी त्या ताक पीत. दाण्याचं कूट चावायचा प्रयत्न करत, पण दात थोडेच राहिले होते. दूध मिळेल तेव्हा दूध. आठवड्यात दोन दिवस, शिवाय एकादशी, चतुर्थी, प्रदोष. म्हणजे कधी कधी तीन दिवस सलग पोटात ताकपाणीच. चौथ्या दिवशी मी ज्वारीची भाकरी आणि चरोट्याची पालेभाजी पुढे ठेवी. त्या चतकोर खात आणि ताट सरकवत. डॉक्टर मला रागावत, "आप लोग समझाते क्यों नहीं?" मी काय समजावणार होते? मुलगा ओसरीवर खेळत असे. तो खोकला तरी आम्ही तिघंही एकदम त्याच्याकडे पाहत असू.

एकदा चुलीतली राख काढताना मला रताळ्याची सालं सापडली. आदल्या दिवशी कामठ्याकडून कोणीतरी पाटीभर रताळी आणून दिली होती.

"आत्याबाई, हे काय?"

"उंदरानं खाल्लं असन."

"भाजून?"

त्यांना हसू आवरेना, मलाही आवरेना. खूप दिवसांनी दोघी तशा हसलो. मग त्या म्हणाल्या, "गोड लागते म्हनून नाई खाल्लं वो. मले ते आवडत बी नाई. पन राखेत भाजलं का वास तसाच येते."

मी कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांनीच ती सवय लावून घेतली. आवडत नसलेली रताळी त्या चोरून भाजायच्या. नजर मंद झाली होती, चुलीत हात घालताना अंदाज चुकायचा. एका सकाळी असंच भाजत असताना निखारा त्यांच्या पावलावर पडला आणि त्यांना कळलंच नाही. मी आत आले ती कातड्याच्या वासाने. निखारा झटकला, तर त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "का झालं?"

"भाजलं ना तुम्हाला!"

"कोठी?"

त्या पायाची जखम भरली नाही. आधी पाणी सुटत होतं, मग करंगळी काळी पडली, मग तिच्या शेजारचं बोट. त्यांना दुखत नसे, आणि दुखत नाही हेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही त्यांना नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, दिसत फारसं नव्हतं, तरी प्रत्येक स्टेशनावर विचारत, "कोनतं आलं?" नागपूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं सांगितलं, मग नाडी पाहिली, अंगात रक्त किती आहे ते पाहिलं आणि म्हणाले, कापला तरी टेबलावरून उतरतील असं वाटत नाही. घरी न्या. यजमान त्या डॉक्टरांशी पुष्कळ वाद घालत होते. आत्याबाई बाकावरून म्हणाल्या, "बाबू, चाल. अठी कायले थांबून रायला?"

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी पथ्य उठवलं. दाराबाहेर मला म्हणाले, "बहू, अब जो माँगें, दे दो."

लढाई संपली होती आणि बाजारात आलू पुन्हा दिसायला लागला होता. यजमान नवा आलू घेऊन आले. तो बुधवार होता, कसलाच उपास नव्हता. मी राखेत भाजला, मीठ, मिरची, तूप घातलं आणि आत्याबाईंना भिंतीला टेकून बसवून भरवलं. त्यांनी तो घास जिभेवर बराच वेळ ठेवला. मग माझ्या हातात काढून टाकला.

"नोको वो. माती लागते."

"मीठ कमी झालं का?"

"नाई. आलू चांगला हाय. मलेच काई लागत नाई आता."

मी म्हटलं, "थोड्या वेळाने पुन्हा देते." त्यांनी मान हलवली, माझं मन राखायला. उरलेला आलू मुलाने खाल्ला. नंतर त्यांनी मागितलं ते फक्त पाणी. पुढच्या शनिवारी पाणीही जेमतेम गेलं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, आज वार कोणता. मी सांगितलं. सोमवारी दुपारी, मी पाय धुऊन फडकं बदलत असताना त्या गेल्या. मला लगेच समजलंही नाही. मी बोलतच होते.

यजमानांची नोकरी त्यानंतर वर्षभरात गेली. गिरणी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि त्याने आपली माणसं आणली. यजमान त्यावर एवढंच म्हणाले, "आता सोमवार करणारं कोणी नाही." ते थट्टेने म्हणाले की कसं, मी विचारलं नाही. त्यांना तिरोड्याला एका दुकानात काम मिळालं, आम्ही तिकडे बिऱ्हाड नेलं. मुर्रीचं घर सोडताना खाटेखालची वाळू मी परसात नेऊन टाकली.

तिरोड्याला पहिल्या पावसाळ्यात मुलाला ताप आला. साधाच होता, उतरलाही. पण तो तापलेला असताना शेजारची एक म्हातारी येऊन बसली आणि बोलता बोलता म्हणाली, माणसासाठी बोललेला नेम मधेच थांबला तर कोणीतरी उचलावा लागतो. मी तिला आत्याबाईंबद्दल काही सांगितलं नव्हतं. ती आपली सहज बोलली होती. आत्याबाईंनी जीव आहे तोवर म्हटलं होतं, आणि तेवढं त्यांनी केलं होतं; हे मला समजत होतं. देवाचा आणि त्या आलूचा, त्या शनिवाराचा आणि मुलाच्या पोटात राहिलेल्या दुधाचा काही संबंध नसावा, असंही मला वाटे. यजमानांना तर ठामपणे वाटे.

पुढच्या शनिवारपासून मी तो नेम धरला. वर्ष सत्तेचाळीस होतं, गावात झेंडा लागला तो आठवडा. सगळीकडे मिठाई वाटत होते. शनिवारी आमच्याकडेही कोणी पेढा आणून दिला, तो मी मुलाला दिला. यजमानांनी ते पाहिलं. घरात आलूची भाजी पुष्कळदा होते, बापलेक दोघंही आवडीने खातात. माझ्या शनिवारी मी ताक घेते.